पांढऱ्या बादलीत एक मूठ

३ फेब्रुवारी, सोमवार

बारा टाक्या भरल्या. प्रत्येकीत चाळीस बोटुकली. संशोधनवाल्या बाईंनी स्वतः मोजून सोडली, मी हातजाळी धरली. चिलापीची पिल्लं, बोटाएवढी. पाण्यात पडल्यावर क्षणभर तशीच थांबतात, मग एकदम सगळी तळाला.

चार टाक्यांना पांढरी बादली — साधं खाद्य. चारांना पिवळी — थोडा लसूण. चारांना लाल — जास्त लसूण. बाकी पाणी, हवा, वेळ, माप, सगळं सारखं. बाई म्हणाल्या, काका, लसणाने मासा खरंच वाढतो की आपल्याला नुसतं तसं वाटतं, हे पांढऱ्या बादलीशिवाय कळायचं नाही. तीन वर्षं त्या या एका प्रश्नामागे आहेत. आधी कुठला लसूण, मग किती, मग कसा वाळवायचा — आता ही शेवटची परीक्षा. लसणाने वाढतो असं ठरलं, तर तळी राखणाऱ्यांना बाजारातली औषधं पाण्यात ओतावी लागणार नाहीत. वयाने माझ्या निम्म्या, पण बोलणं ऐकत राहावं असं.

लसूण दळत होतो तेव्हा वायरमन आला. त्याला आम्ही फ्यूज म्हणतो, कारण सगळ्यांत आधी तोच उडतो. म्हणाला, बरंय, मसाला आतूनच लावताय, घरी नेऊन नुसतं तव्यावर टाकायचं.

लसूण वाळवणं, दळणं, पेंडीच्या पिठात मळणं, खिम्याच्या यंत्रातून शेवया काढणं, सावलीत सुकवून चुरणं — सगळं माझ्या हातचं. वास जात नाही. घरी गेलो तर हिने नाक दाबलं. औषधं सुरू झाल्यापासून बिचारीला कसलाच वास सोसत नाही. हात साबणाने घासले, लिंबाने घासले. शेवटी ही पलंगावर जेवली, मी दाराशी बसून.

५ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्याचा दिवस. हिच्या पोटातल्या गाठीसाठी दर बुधवारी चार तास सलाईन. आज डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बसवलं. एक नवी गोळी आहे, झाडपाल्याची. रोगावरची नाही — भूक लागावी, अंग धरावं, म्हणजे मुख्य औषध सोसेल, एवढ्यासाठी. खरंच उपयोग होतो का ते तपासतायत. निम्म्या लोकांच्या डबीत ती गोळी, निम्म्यांच्या डबीत नुसत्या पिठाची. दिसायला सारखी. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. डबीवर फक्त नंबर. डबी रिकामी झाली तरी परत आणून द्यायची.

डॉक्टर मला हळूहळू समजावत होते. समोर गावच्या शाळेत शिकलेला माणूस दिसला की समजावतात, तसं. मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. आमची पांढरी बादलीच की ही!

हिने सही केली. डबी नंबर चौदा. महिन्याच्या तीस गोळ्या, रोज एक.

बसथांब्यावर म्हणाली, "तुमच्या माशांसारखी मीही नंबराची झाले."

९ फेब्रुवारी

दिवसभरात अर्धी वाटी भाताची पेज. तीही राहिली नाही.

१२ फेब्रुवारी

कालही नाही, आजही नाही. सलाईन अर्ध्यावर थांबवावं लागलं. मी विचारतो, काय खावंसं वाटतं? ती म्हणते, तुम्ही विचारू नका, बस. मूलबाळ नाही आम्हाला. तेवीस वर्षं एकमेकांनाच विचारत आलो, काय खाणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिलं वजन. पाण्याची बादली काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, मग दहा-दहा मासे त्यात. सुके तोलले तर घाबरून मरतात. बाई आकडे घेत होत्या, मी आकडा सांगायच्या आधीच हाताला कळत होतं. लाल बादलीचे मासे जाळीत जड लागतात. पांढरीचे हलके. पंधरा दिवसांत एवढा फरक! बाईंनी चहा दोनदा सांगितला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. मग पांढऱ्या टाक्यांपाशी गेलो. माझी सावली पडली की सगळी कडेला गोळा होतात, तोंडं वर करून. त्यांना काय माहीत आपली बादली कुठल्या रंगाची आहे. जे पडतं ते खातात, आणि मागे राहतात.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच. चौदा नंबरची बादली कुठल्या रंगाची?

१८ फेब्रुवारी

आज केलं. टाक्यांच्या वहीत हे लिहिता येत नाही, म्हणून इथे.

सकाळी साडेसातला कोठीत कुणी नव्हतं. पांढऱ्या बादलीत साधं खाद्य तोललं. त्यातली एक मूठ काढून ठेवली आणि लालच्या पोत्यातली एक मूठ त्यात मिसळली. माप चुकू नये म्हणून काट्यावर पुन्हा ठेवून पाहिलं. बरोबर होतं. मापात मी कधी चुकत नाही.

बावीस वर्षं सकाळची पहिली मूठ टाकताना देवाचं नाव घेतो. मागितलं कधी काही नाही. आज मागितलं. म्हणालो, मी इथे ज्याला मिळत नाही त्याला देतो. तू तिथे हिला दे.

२२ फेब्रुवारी

मूठ रोज. चारही पांढऱ्या टाक्यांना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सलाईन पूर्ण झालं! आणि बसथांब्यावर हिनेच सांगितलं, भूक लागलीय. समोरच्या दुकानातून पाव घेतले. उभ्याउभ्याच दोन खाल्ले. मी बघत राहिलो तर म्हणाली, नजर लावाल.

३ मार्च, सोमवार

दुसरं वजन. लाल आणि पिवळी पुढेच. पण पांढरी बरीच जवळ आलीय. बाईंनी काटा दोनदा तपासला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

५ मार्च, बुधवार

हिचं वजन पावणेदोन किलोंनी वाढलं. सिस्टरने कागद मला दाखवला. मी तो परत मागून पाहिला. नवी डबी मिळाली, नंबर तोच, चौदा.

हिच्या शेजारच्या खुर्चीवर, खिडकीजवळ, एक मुलगी असते. मुलगीच म्हणायची, पंचविशीची असेल. नवरा दूरच्या गावी कामाला, बरोबर तीन वर्षांची लेक. त्या खिडकीजवळचीलाही आमच्याच दिवशी डबी मिळाली होती. तिचं वजन उतरतंच आहे. मनगट पाहवत नाही. सलाईन चालू असताना लेक हिच्या मांडीवर येऊन बसते, एका हाताने ही तिच्याशी खेळते. आज ती पोर विचारत होती, आजी, तुझ्या पिशवीतलं पाणी संपलं की घरी जायचं का?

"आजी" म्हटलेलं हिला आवडलं. घरी येऊन मला दोनदा सांगितलं.

९ मार्च, रविवार

ऊन चांगलं होतं. ही दाराशी खुर्ची टाकून बसली होती. जेवलीही नीट. म्हणाली, हल्ली कामावरून येताना चेहरा वेगळा असतो तुमचा, काय चाललंय?

मला तिच्यापासून लपवता येत नाही. सगळं सांगितलं. पांढरी बादली, मूठ, देवाशी बोललो तेही.

ती हसली नाही. विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं, कुणाला मिळत नाही ते?"

मी म्हणालो, बादल्या माझ्याच हातात आहेत. पण नसत्या तरी वजनावरून कळलंच असतं. पंधरा दिवस, महिना. ज्यांना मिळतं ती भरतात, ज्यांना मिळत नाही त्यांचं नुसतं डोकं मोठं दिसायला लागतं.

मग म्हणाली, तुम्ही मूठ काढता म्हणून लाल बादलीच्या माशांना कमी पडत असेल ना. मी म्हणालो, छे, पोतं मोठं आहे.

"पोतं मोठं असलं की बरं असतं," म्हणाली. आणि मग, "बरं केलंत."

मन हलकं झालं. तिला पटलं म्हणजे देवालाही पटलं असेल.

१२ मार्च, बुधवार

दवाखान्यात आज ही आणि खिडकीजवळची डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. मी पाणी आणायला गेलो, परत आलो तर गप्प. बायकांच्या गोष्टी असतील. येताना ही खुशीत होती. बसमध्ये जागा असून उभी राहिली.

१७ मार्च, सोमवार

तिसरं वजन. पांढरी जवळजवळ बरोबरीला! बाई म्हणाल्या, पाण्यात काही फरक आहे का, काका? नळ वेगळा आहे का? फ्यूजने पंप तपासले. मी शेजारी उभा राहून त्याला बॅटरी दाखवत होतो. तो म्हणाला, पांढरीच्या माशांना कुणीतरी शेजारून उसनं देतंय. सगळे हसले. मी पण हसलो.

१९ मार्च

हिचं वजन वाढलं नाही. तेवढंच आहे. सिस्टर म्हणाली, होतं असं.

२३ मार्च

जेवणावरून पुन्हा मन उडालंय. मी विचारलं, गोळी घेतेस ना? म्हणाली, रोज. माझ्या समोर घेऊन दाखवली.

२६ मार्च, बुधवार

दीड किलो कमी. खिडकीजवळची मात्र आज हिच्या डब्यातलं जेवली. ही तिला भरवत होती आणि स्वतः खात नव्हती. मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते कळलं नाही. त्या मुलीच्या गालांवर थोडा रंग आलाय. देवाने माझ्या मुठीचा हिशेब चुकीच्या खुर्चीवर तर नाही ना लावला?

असं लिहू नये. लिहून झालं.

२७ मार्च

आजपासून दोन मुठी.

३१ मार्च, सोमवार

शेवटचं वजन. तिन्ही बादल्या सारख्या. पांढरी पिवळीच्या किंचित पुढेच!

बाईंनी वही मिटली. कोठीच्या उंबऱ्यावर बसल्या, चपला काढून, लहान मुलीसारख्या. म्हणाल्या, लसणाने काही होत नाही असंच लिहावं लागणार, काका. माझ्या मनाला काहीतरी वेगळं वाटत होतं. पण मनाला वाटून काय उपयोग, मासे बोलले ते खरं.

मासे खरं बोलले नव्हते. मी उभाच होतो, लाल बादली हातात घेऊन.

१ एप्रिल

सांगितलं तर मूठ बंद होईल. मूठ बंद झाली तर हिचं काय? आणि नाही सांगितलं तर बाई खोटं लिहिणार, ते वाचून लोक लसूण सोडून पुन्हा औषधांकडे जाणार. मूठ टाकताना हे कसं दिसलं नाही मला? मला वाटलं होतं, चार टाक्यांतल्या एकशे साठ जिवांचं भलं करतोय.

प्रार्थनेला बसलो, पण आधीच्या बोलण्याची लाज वाटली. देवाला असं कुणी बांधून घालतं का?

२ एप्रिल, बुधवार

आणखी दोन किलो कमी. नवी डबी मिळाली. ही बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आली. डोक्याचं वजनच लागलं नाही.

३ एप्रिल

सांगितलं.

काट्यापाशीच. बाई ऐकत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पांढरी बादली उचलली, नळाखाली धरली, आणि धूत राहिल्या. स्वच्छच होती ती.

मग म्हणाल्या, "पांढऱ्या टाकीतले मासे उपाशी नव्हते, काका. ते साक्षीदार होते. तुम्ही साक्षीदार पढवलात."

मी म्हणालो, चुकलो. मला कामावरून काढा. त्यांनी विचारलं, का केलंत? मग हिचं सांगितलं. डबीचं, चौदा नंबरचं, देवाशी ठरवल्याचं. बाई पोत्यावर बसल्या. मग म्हणाल्या, राग मुठीचा नाही. तुम्ही सांगितलं नसतंत तर मी खोटं खरं म्हणून छापलं असतं, त्याची भीती वाटते.

सोमवारपासून नवी बोटुकली. सगळं पहिल्यापासून. मी म्हणालो, पांढरी बादली दुसऱ्या कुणाकडे द्या. म्हणाल्या, नाही. तुम्हीच टाकायची.

७ एप्रिल, सोमवार

नवी पिल्लं सोडली. पांढऱ्या बादलीत फक्त साधं. तोललं, टाकलं, मागे न पाहता पुढच्या टाकीकडे गेलो. यातली अजून माझी सावली ओळखत नाहीत. ओळखतील.

हिला सांगितलं, मूठ बंद केली. वाटलं होतं रागावेल. डोळे मिटून म्हणाली, बाईंचं बरोबर आहे. मग म्हणाली, पण तुमचंही चूक नव्हतं हो.

११ एप्रिल

दवाखान्यात ठेवून घेतलं. घोटभर पाणीही उतरत नाही.

१३ एप्रिल

हात हातात घेऊन बसलो होतो. लसणाचा वास येईल म्हणून मी मागे घेत होतो, तिने सोडला नाही. म्हणाली, "राहू द्या. कळतं तरी तुम्हीच आहात."

१४ एप्रिल

सकाळी सव्वानऊ. ही गेली.

२१ एप्रिल, सोमवार

कामावर गेलो. फ्यूज माझ्याबरोबर बाराही टाक्या फिरला. बाईंनी लसूण आधीच दळून ठेवला होता. मी म्हणालो, ते माझं काम आहे. म्हणाल्या, हो, उद्यापासून.

संध्याकाळी हात न धुता घरी आलो. कुणी नाक दाबलं नाही.

२३ एप्रिल

दवाखान्यातून सिस्टरचा फोन. नियमच आहे, उरलेल्या गोळ्यांची डबी जमा करायची. वाईट वाटून घेऊ नका म्हणाली.

हिच्या औषधांच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. एकवीस गोळ्या शिल्लक. झाकण लावताना नंबर पाहिला — एकतीस!

चौदा होता ना? ही वही मागे उलटून पाहिली. ५ फेब्रुवारी: चौदा. ५ मार्च: तोच, चौदा. मापात, नंबरात मी चुकत नाही. सिस्टरने शेवटची डबी चुकीची दिली असेल का? म्हणूनच का ही उतरत गेली? दिवसभर हेच.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुपारी दार वाजलं. खिडकीजवळची. कडेवर लेक. डोळ्यांना अंगाचा अंदाज आहे — तीन किलो तरी भरली असेल. गाल वर आलेत, मनगटावर मांस आहे. दारात उभी राहून रडायला लागली, आणि लेक घरात डोकावून विचारत होती, आजी कुठे आहे.

पाणी दिलं. तिने पिशवीतून डबी काढून समोर ठेवली. चौदा.

म्हणाली, "काका, मी नको म्हणत होते. काकू म्हणाल्या, मला कळलंय तुझी पिठाची आहे. माझं अंग धरलंय आता, पुढचं माझं मी बघते. तुला ही पोर आहे."

डबी जमा करायची वेळ आली की दोघी पुन्हा आपापली घेत. कुणाला कळलं नाही. मी विचारलं, केव्हापासून? ती म्हणाली, त्या बुधवारी काकू सारखं माशांचंच सांगत होत्या. कुठल्यातरी पांढऱ्या बादलीचं.

१२ मार्च. मी हिला सांगितलं ९ मार्चला.

डबीत किती राहिल्यात, विचारलं. बारा. आता चौदाची पुढची डबी येणार नाही म्हणून एक दिवसाआड, पुरवून पुरवून घेतेय. मी म्हणालो, असं करू नकोस. खुराक तुटला की आधीचाही वाया जातो. रोज घे.

डबी तिच्या पिशवीत परत घातली. माझा हात लागला म्हणून झाकणाला लसणाचा वास लागला असेल.

पोर जाताना माझ्या बोटांचा वास घेऊन हसली.

२६ एप्रिल

सिस्टरचा पुन्हा फोन. डबी सापडली का?

नाही म्हणालो. शोधतोय.

बाईंचं बोलणं विसरलो नाही. डॉक्टरांचेही साक्षीदार पढवले गेलेत, आणि ते मलाच सांगावं लागणार. सांगेन. एकतीस नंबरची डबी पुढे ठेवून सगळं सांगेन.

पण तिच्या डबीत अजून बारा गोळ्या आहेत. आजची घेतली असेल, तर अकरा.